आधी हत्ती, मग समुद्र

आफ्रिकेला जायचं ठरलं की घरात दोन पक्ष पडतात. एकाला सिंह बघायचा असतो, दुसऱ्याला समुद्रावर निवांत पडून राहायचं असतं. तडजोड म्हणून दोन्ही एकाच सहलीत बसवायचं ठरतं आणि नावं पुढे येऊ लागतात. केप टाउन ऐकलेलं असतं, क्रूगर ऐकलेलं असतं, म्हणजे ती दोन्ही घ्यायची. कुणी मसाई मारा आणि मोंबासा म्हणतं, कुणी सेरेंगेटी आणि झांझिबार. नावं सगळी दमदार आहेत. पण या दोन ठिकाणांच्या मधे जमीन किती पसरली आहे, आणि दोन्हीकडे एकाच महिन्यात हवा कशी असते, हे प्रश्न बहुतेकदा तिकिटं काढून झाल्यावर विचारले जातात. माझ्या मते जोडसहल जमते की फसते ते याच दोन प्रश्नांवर. शहर किती देखणं आणि जंगल किती नावाजलेलं, हा मुद्दा त्यानंतरचा.

आधी महिन्याचं बघू. सफारीचा हंगाम म्हणजे कोरडा हंगाम. गवत वाळून खाली बसतं, पानं गळतात, रानातली डबकी आटतात, आणि उरलेल्या पाणवठ्यांवर प्राण्यांना यावंच लागतं. भर मे महिन्यात ताडोब्याला जाणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. आफ्रिकेत मात्र विषुववृत्त मधे येतं आणि सगळं कॅलेंडर फिरतं. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगरकडच्या भागात कोरडे महिने मे ते सप्टेंबर, म्हणजे तिथला हिवाळा. केनिया आणि उत्तर टांझानियाच्या किनारपट्टीला मार्चअखेर ते मे मोठा पाऊस, ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर छोटा पाऊस. मधले जून ते ऑक्टोबर आणि जानेवारी-फेब्रुवारी हे कोरडे. आता यावर आपल्या शाळांच्या सुट्ट्या ठेवून बघा. एप्रिल-मेची मोठी सुट्टी पूर्व आफ्रिकेच्या ऐन पावसात पडते, दिवाळीची छोट्या पावसाच्या तोंडावर. मे महिन्यात झांझिबार इतकं स्वस्त कसं, याचं उत्तर इथे आहे. तिथली काही जंगलातली मुक्कामाची ठिकाणं तर या दिवसांत चक्क बंद असतात.

केप टाउन-क्रूगर ही सगळ्यांत जास्त मागणी असलेली जोडी, आणि सगळ्यांत अवघडही. दोघांमध्ये रस्त्याने सतराशे-अठराशे किलोमीटर अंतर आहे, म्हणजे मुंबई-दिल्लीपेक्षा जास्त. विमानाने अडीच-तीन तास लागतात. उद्यानाजवळ म्बोम्बेला आणि हूडस्प्रूटला विमानतळ आहेत, खुद्द उद्यानात स्कुकुझालाही आहे. अंतराचा प्रश्न असा पैशाने सुटतो, हवेचा सुटत नाही. केप टाउनचा पाऊस हिवाळ्यात पडतो, साधारण मे ते ऑगस्ट. म्हणजे क्रूगरमध्ये सिंह दिसायचे दिवस तेच केप टाउनमध्ये छत्री उलटी व्हायचे दिवस. टेबल माउंटनची केबल कार १९२९पासून चालू आहे, पण वारा वाढला की ती बंद ठेवतात. रॉबेन बेटावर, जिथे मंडेलांनी सत्तावीस वर्षांच्या कैदेतली अठरा वर्षं काढली, तिथे जाणारी बोटही खवळलेल्या समुद्रात सुटत नाही. उलट डिसेंबर-जानेवारीत केप टाउन झळाळत असतं, तेव्हा क्रूगर हिरवंगार, उकाड्याचं आणि कमरेएवढ्या गवताचं. त्या गवतात बिबट्या दहा फुटांवर बसलेला असला तरी तुम्हाला कळणार नाही. पक्षी बघणाऱ्यांसाठी ते दिवस उत्तम, हेही सांगायला हवं.

आणखी एक गोष्ट केप टाउनची जाहिरात सांगत नाही. तिथला समुद्र बघायचा आहे, डुंबायचा नाही. दक्षिणेकडून येणाऱ्या थंड प्रवाहामुळे अटलांटिकच्या बाजूचं पाणी भर उन्हाळ्यातही पाय बधिर करतं. सायमन्स टाउनजवळच्या बोल्डर्स बीचवर पेंग्विन राहतात, त्यावरून काय ते समजावं. मुलांना लाटांत खेळवायचं म्हणून कुणी ही जोडी घेत असेल तर त्याने दुसरी घ्यावी.

तरीही केप टाउन आणि क्रूगरच हवं असेल, तर सप्टेंबर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा पकडावा. पाऊस ओसरलेला असतो, हर्मेनसच्या किनाऱ्यावरून देवमासे दिसतात, पश्चिमेकडच्या माळांवर रानफुलं असतात, आणि क्रूगर अजून कोरडं असतं. मराठी घराच्या हिशेबात सांगायचं तर गणपती उठल्यावर निघावं आणि घट बसायच्या आत परतावं. यासाठी किमान दहा-बारा दिवस हवेत. एवढे दिवस नसतील तर क्रूगरचा हट्ट सोडून अडो एलिफंट नॅशनल पार्क बघावं. २०२१मध्ये नाव बदलून पोर्ट एलिझाबेथचं ग्केबेऱ्हा झालं. त्या शहरापासून हे उद्यान सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर आहे. १९३१मध्ये ते स्थापन झालं तेव्हा तिथे अकराच हत्ती उरले होते. आज सहाशेच्या वर आहेत. मलेरियाचा धोका नाही, म्हणून लहान मुलं किंवा वयस्कर आईवडील बरोबर असतील तर हा पर्याय अधिकच बरा. केप टाउनहून गार्डन रूटने, समुद्र उजवीकडे ठेवत, मधे दोन-तीन मुक्काम करत तिथे पोहोचता येतं.

आपल्याकडच्या बऱ्याच ग्रुप टूर दक्षिण आफ्रिकेत गार्डन रूट आणि शहामृगांचं फार्म दाखवून, सन सिटीला एक मुक्काम करून, शेजारच्या पिलान्सबर्गमध्ये एक-दोन फेऱ्या मारतात. ही सफारीची चव म्हणायला हरकत नाही. जेवण म्हणू नये.

आता डर्बन. या शहराला मराठी पर्यटक का टाळतो हे मला कळलेलं नाही. हिंदी महासागराचं कोमट पाणी, किनाऱ्याला लागून लांबलचक फिरण्याची वाट, शार्कपासून बचावासाठी समुद्रात लावलेल्या जाळ्या, आणि मुख्य म्हणजे हवा. डर्बनचा हिवाळा कोरडा आणि सौम्य असतो. जून-जुलैत दुपारी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फिरता येतं. म्हणजे केप टाउन-क्रूगरमध्ये जे जमत नाही ते इथे आपसूक जमतं: समुद्राचे चांगले दिवस आणि जंगलाचे चांगले दिवस एकच. शिवाय अंतर. एन-टू महामार्गाने उत्तरेला निघालं की उसाच्या मळ्यांतून आणि निलगिरीच्या लागवडींतून तीन-साडेतीन तासांत ह्लुह्लुवे-इम्फोलोझी अभयारण्याचं फाटक येतं. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, त्यामुळे स्वतः गाडी चालवणाऱ्याला पहिल्या दिवशी चाचपडावं लागत नाही.

ह्लुह्लुवे-इम्फोलोझी क्रूगरच्या मानाने लहान आहे, सुमारे ९६० चौरस किलोमीटर. पण गेंड्याच्या इतिहासात त्याच्याइतकं महत्त्वाचं ठिकाण दुसरं नाही. कधीकाळी ही झुलू राजांची शिकारीची राखीव रानं होती. १८९५मध्ये इथे अभयारण्य घोषित झालं, तेव्हा दक्षिणी पांढऱ्या गेंड्याची जात संपल्यातच जमा होती. जे मूठभर उरले होते ते इम्फोलोझी नद्यांच्या या खोऱ्यात. त्यांची संख्या वाढल्यावर, एकाच जागी सगळी जात ठेवणं धोक्याचं म्हणून, १९६०च्या दशकात इथले वनाधिकारी इयन प्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेंड्यांना बेशुद्ध करून, पिंजऱ्यात घालून, ट्रकने दुसरीकडे हलवायची मोहीम काढली. क्रूगरमधून पांढरा गेंडा नाहीसा झाला होता. तिथे तो पुन्हा गेला तो इथूनच. आज जगात कुठेही दक्षिणी पांढरा गेंडा पाहिला, प्राणिसंग्रहालयातला का असेना, तरी त्याचं मूळ गाव हे. शिकारीच्या टोळ्यांनी गेल्या काही वर्षांत याच अभयारण्याला लक्ष्य केलंय, ही त्या गोष्टीची कडू बाजू. तिथे शिंगं कापलेला गेंडा दिसला तर दचकू नका. शिंगाच्या लोभाने त्याचा जीव जाऊ नये म्हणून वनखात्यानेच ते कापलेलं असतं.

ह्लुह्लुवेहून तासाभरावर सेंट लुशिया आहे, इसिमांगालिसो पाणथळ उद्यानातलं गाव. १९९९मध्ये हे उद्यान जागतिक वारशात आलं. खाडीत बोटीने फिरायचं, पाणघोड्यांचे कळप आणि चिखलात पसरलेल्या मगरी बघायच्या. रात्री पाणघोडे गावातल्या रस्त्यावर चरायला येतात आणि तशी पाटीच लावलेली आहे.

डर्बनमध्ये एक दिवस शहरासाठी ठेवावाच. १८६०पासून उसाच्या मळ्यांसाठी इथे हिंदी गिरमिटिये आणले गेले, त्यांची नातवंडं-पतवंडं आजही इथे आहेत. व्हिक्टोरिया स्ट्रीट मार्केटमध्ये मसाल्यांचे ढीग, आणि पावाचा अर्धा लोफ पोखरून त्यात रस्सा भरलेलं ‘बनी चाऊ’. शाकाहारी माणसाने राजमा किंवा वालाचं मागावं. गांधी १८९३च्या मे महिन्यात इथे उतरले आणि ७ जूनच्या रात्री पीटरमॅरिट्झबर्ग स्टेशनवर त्यांना डब्यातून खाली उतरवलं गेलं. ते स्टेशन डर्बनहून ऐंशी किलोमीटरवर, अजून जागेवर आहे. शहराबाहेर इनांडात गांधींचा फिनिक्स आश्रम आणि जवळच ओहलांगेची शाळा, जिथे १९९४मध्ये मंडेलांनी आयुष्यातलं पहिलं मत टाकलं. हे सगळं गाडी करून, दिवसाउजेडी बघावं. अंधार पडल्यावर डर्बनच्या मधल्या भागात पायी भटकू नये.

पूर्व आफ्रिकेत माझं मत केनियातलं मोंबासा शहर आणि त्सावोचं जंगल यांना. लोक मसाई माराचं नाव घेतात ते बरोबरच आहे. मार्जारकुळासाठी मारा सरस आहे आणि जुलै ते ऑक्टोबर विल्डबीस्टचे लोंढे तिथेच असतात. पण मारा देशाच्या पश्चिम टोकाला, मोंबासा पूर्वेच्या. मधे सगळा केनिया. डियानी किनाऱ्याजवळच्या उकुंडाच्या धावपट्टीवरून माराला छोटी विमानं जातात, खिसा सैल असेल तर तो उत्तम मार्ग. नसेल तर त्सावो. मोंबासातून नैरोबीकडे निघालं की दीडशे-एक किलोमीटरवर वोई लागतं, आणि त्सावो ईस्टचं मुख्य फाटक वोईला खेटून आहे.

रस्त्याने जाता येतं, पण तो मालट्रकांनी भरलेला. २०१७पासून मोंबासा-नैरोबी नवी रेल्वे आहे, मदाराका एक्स्प्रेस. सकाळची सगळीकडे थांबणारी गाडी वोईला उतरवते. मोंबासाचं नवं टर्मिनस बेटाबाहेर मिरितिनीला आहे, हे लक्षात ठेवून निघावं. आत जाण्याआधी सगळ्यांचं सामान जमिनीवर एका रांगेत मांडायला लावतात, माणसांना मागे उभं करतात आणि कुत्रा एकेक बॅग हुंगत जातो. मसाल्याचा डबा बरोबर असला तर उगीच धाकधूक होते, पण कुत्रा पुढे जातो. तिकिटावरचं नाव पासपोर्टशी जुळावं लागतं. पैसे भरायला इथली रीत मोबाइलवरच्या एम-पेसाची, तेव्हा हॉटेलवाल्याकडून किंवा एजंटकडून तिकीट काढून घेणं सोपं. गाडी त्सावोतून जाताना रूळ उंच बांधावर आहेत आणि हत्तींना खालून जायला बोगदे ठेवलेत. उजव्या-डाव्या दोन्ही खिडक्यांवर नजर ठेवावी. फाटकाचे पैसे भरायच्या आधीच हत्ती दिसायची शक्यता असते.

हे हत्ती लाल असतात. त्सावोची माती विटकरी, आणि हत्तीला अंगावर धूळ उडवून घ्यायची सवय. अरुबाच्या धरणावर दुपारी कळप येतो तेव्हा दुरून मातीचे ढिगारे सरकत असल्यासारखं वाटतं. पोटापर्यंत पाण्यात गेलेला हत्ती बाहेर आला की खालून काळा आणि वरून लाल, मधे सरळ रेघ. मग तो किनाऱ्यावरच पुन्हा धूळ घेतो आणि रेघ पुसली जाते. त्सावो ईस्ट आणि वेस्ट मिळून वीस हजार चौरस किलोमीटरच्या वर पसरलेत, दोन्ही १९४८पासून राष्ट्रीय उद्यानं. ईस्ट सपाट, मोकळं, हत्तींचं. वेस्ट डोंगराळ, ज्वालामुखीच्या काळ्या दगडांचं. सिंह दोन्हीकडे आहेत पण मारासारखे हमखास नाहीत, आणि इथल्या नरांना आयाळ तुरळक असते, काहींना जवळपास नसतेच.

त्सावोच्या सिंहांचं नाव जगभर झालं ते १८९८मध्ये. मोंबासाहून आत रेल्वे नेण्याचं काम १८९६मध्ये सुरू झालं होतं आणि त्यासाठी हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर नेले होते; त्यातले सुमारे अडीच हजार तिथेच मेले. त्सावो नदीवरच्या पुलाच्या मजुरांवर दोन सिंह कित्येक महिने हल्ले करत राहिले. त्यांना मारणाऱ्या पॅटरसनने बळींचा आकडा १३५ सांगितला. पुढे शास्त्रज्ञांनी त्या सिंहांची हाडं आणि केस तपासून तो पस्तीसच्या आसपास काढला. कातडी शिकागोच्या संग्रहालयात आहेत. मेलेल्या बहुतेक मजुरांची मात्र नावंही सांगता येत नाहीत. सिंहाची गोष्ट ऐकताना आपल्या लोकांनी हा हिशेबही ऐकावा.

त्सावो वेस्टमध्ये एकच जागा बघायला वेळ असेल तर म्झिमाचे झरे बघावेत. च्युलू टेकड्यांवर पडलेलं पावसाचं पाणी सच्छिद्र लाव्हातून झिरपत इथे काचेसारखं बाहेर येतं. डोहाच्या काठावर पाण्याखाली उतरणारी एक खोली बांधली आहे. आत गेलं की खिडकीतून मासे दिसतात, नशीब असेल तर पाणघोड्याचे पाय तळावरून चालताना दिसतात. आणि यातलंच पाणी नळाने मोंबासाला जातं. शहर आणि जंगल यांचं नातं याहून सरळ कुठे सापडणार!

मोंबासात परत आल्यावर फोर्ट जीझस. पोर्तुगीजांनी १५९३मध्ये तो बांधायला घेतला, आराखडा जिओव्हान्नी बात्तिस्ता कैराती या इटालियनाचा, जो पोर्तुगीजांच्या पौर्वात्य मुलखाचा मुख्य स्थपती होता. या किल्ल्याचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली चाले आणि वेढा पडला की कुमकेची वाटही गोव्याकडेच बघितली जाई. सुमारे पावणेतीन वर्षांच्या वेढ्यानंतर १६९८मध्ये ओमानी अरबांनी तो घेतला. प्रवाळी दगडाच्या त्या भिंतींवर हात ठेवला की वसई-रेवदंड्याला फिरलेल्या माणसाला ते बांधकाम ओळखीचं वाटतं. खाली जुन्या शहरात नक्षीचे दरवाजे, चपाती, समोसे, भजी. जेवणाची चिंता करू नये. पोहण्यासाठी शहरापेक्षा उत्तरेला न्याली किंवा दक्षिणेला डियानी बरं. डियानीला जाताना लिकोनीच्या फेरीबोटीसाठी ताटकळावं लागू शकतं, विमानाच्या दिवशी तो वेळ हातात ठेवा.

किनाऱ्यावरच्या हॉटेलांत ‘एका दिवसात त्सावो’ असं विकलं जातं. पहाटे चारला उठायचं, सूर्य डोक्यावर आल्यावर फाटकात शिरायचं, प्राणी सावलीला बसलेले असताना फिरायचं आणि ऐन संध्याकाळी, ते उठायच्या वेळी, परत निघायचं. हे घेऊ नका. जंगलात तीन रात्री, निदान दोन. पहाटेची आणि संध्याकाळची अशा दिवसाच्या दोनच फेऱ्या खऱ्या, दुपार झोपेची.

टांझानियाबद्दल थोडक्यात. झांझिबारचं स्टोन टाउन देखणं आहे. फ्रेडी मर्क्युरी १९४६मध्ये तिथे एका पारशी घरात जन्मला आणि शिकला आपल्या पाचगणीत. पण झांझिबार आणि सेरेंगेटी ही जोडी म्हणजे पुन्हा विमानं. त्याऐवजी न्येरेरे राष्ट्रीय उद्यान, म्हणजे २०१९पर्यंतच्या सेलूसचा उत्तर भाग, किंवा दार-ए-सलामहून रस्त्याने गाठता येणारं मिकुमी हे समंजस पर्याय आहेत. २०२४मध्ये दार ते मोरोगोरो विजेची रेल्वे सुरू झाल्यापासून मिकुमी आणखी सोपं झालं. छोट्या विमानांत सामानाला पंधरा किलोची मर्यादा असते आणि बॅग कापडी, मऊ लागते. चाकांची कडक सूटकेस विमानतळावरच्या हॉटेलात ठेवायची सोय आधी करा.

क्रम विचाराल तर आधी जंगल, मग समुद्र. सफारीत पहाटे पाचला उठणं, धूळ, खडखडाट. त्यावर समुद्राकाठचे आळशी दिवस हे औषध आहे. उलटं केलं की किनाऱ्यावर सैलावलेलं शरीर तिसऱ्या पहाटे बंड करतं. क्रूगर, ह्लुह्लुवेसारख्या ठिकाणी स्वतः गाडी नेता येते, पण वेगाची मर्यादा पाळावी लागते, क्रूगरमध्ये डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्यावर ४० किलोमीटर. फाटकं सूर्यास्ताला बंद होतात. तिथल्या सरकारी कॅम्पमधल्या खोल्यांना बहुधा स्वयंपाकघर जोडलेलं असतं. मुगाची खिचडी टाकता येते.

सामान भरताना एक गोष्ट. आपण चिवडा, लाडू, मेतकूट सगळं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधतो. केनियात २०१७पासून आणि टांझानियात २०१९पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. डबे किंवा कापडी पिशव्या न्या. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना निघण्याच्या बऱ्याच आधी विचारा, कारण त्या आधी सुरू करायच्या आणि परतल्यावरही चालू ठेवायच्या असतात.

माझा निकाल असा: सुट्टी मेची असेल तर डर्बन आणि ह्लुह्लुवे. जुलै ते सप्टेंबर किंवा जानेवारी-फेब्रुवारीत निघता येत असेल तर मोंबासा आणि त्सावो. केप टाउनसाठी गणपतीनंतरचे दिवस. आणि केनियाला जाणार असाल तर पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रात घ्या. पिवळं कार्ड पासपोर्टबरोबर ठेवा. ते नसेल तर परतताना भारतातल्या विमानतळावरच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. दक्षिण आफ्रिकेला नैरोबी किंवा अदिस अबाबावरून जात असाल आणि तिथला थांबा बारा तासांहून जास्त असेल, तरीही हे कार्ड लागतं.